गेडाम सरांचा तास

आमच्या भूगोल विभागाचे प्रमुख दोनाडकर सर रोज सकाळी विभागातल्या सगळ्यांसाठी स्वतः चहा करायचे. शिपायाला स्टोव्हला हात लावू द्यायचे नाहीत. नकाशांच्या खोलीत, गुंडाळून ठेवलेल्या नकाशांच्या मागे त्यांचा रॉकेलचा स्टोव्ह होता. विभागप्रमुखानं कनिष्ठांना चहा करून पाजायचा म्हणजे उलटी गंगाच. पण खरी विचित्र गोष्ट त्याच्या पुढे होती. कप हातात दिला की सर समोर उभे राहायचे आणि पहिला घोट घशाखाली उतरेपर्यंत पिणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. मग विचारायचे, "कडू त नाई लागत न?"

मी रुजू झाले त्या दिवशी मलाही विचारलं. मी भिडेखातर म्हटलं, "नाही सर, छान झालाय." त्यावर ते जरा वैतागूनच म्हणाले, "छान झाला का, ते नाई विचारलं मी. कडू लागते का, तेवढं सांगा." मला वाटलं, या माणसाला आपल्या चहाचा भलताच अभिमान दिसतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशीही तोच. मग मीही सगळ्यांसारखं घोट घेऊन नुसती मान हलवायला शिकले.

ही नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. आमचं कॉलेज वडशाहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर, जंगलाच्या तोंडाशी. मी चंद्रपूरची, कोळशाच्या धुळीत वाढलेली. गडचिरोली जिल्ह्यात नोकरी लागली हे ऐकून आमच्याकडे पेढे वाटायचे की नाही यावर दोन मतं झाली होती. इथं येणारा प्रत्येक प्राध्यापक पहिल्या दिवसापासून परत जायचा रस्ता शोधत असे. आमच्या विभागातून मात्र कोणी जात नसे, कारण दोनाडकर सर. उंचीनं बेताचे, सावळे, केसांना चापून तेल, खिशात पेनाऐवजी खडू. वर्गात पुस्तकी मराठी बोलत आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की इकडची झाडीबोली.

रजा मागायला गेलं की आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं "जा" आलेलं असे. "घरी जा, निज काढा. नदी-पर्वत हालत नाई जागचे, आल्यावर शिकवा." आणि आपला तास ते स्वतः घेत. कोणाचाही, कोणताही. एखाद्या दिवशी विभागात सर एकटेच असत आणि सकाळपासून दुपारपर्यंत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात राहत. तिकडे इतिहासाचे प्रमुख दहाच्या ठोक्याला हजेरीपट उचलून खणात टाकत आणि उशिरा आलेल्यांना दारात उभं करत. तिथले लोक आम्हाला "जावई" म्हणायचे. आम्हाला ते नाव आवडायचं, खोटं कशाला सांगू.

आमच्यात राऊत नावाचे सहकारी होते. इथं खोली करून राहायचे, जीव सगळा नागपुरात. सरांच्या प्रश्नाचा उपयोग त्यांनी पहिल्याच वर्षी शोधून काढला. ऐन लग्नसराईत एकदा त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "सर, आज जरा कडवट लागतोय." सरांचा चेहराच उतरला. त्यांनी राऊतांच्या हातातून कप काढून घेतला, त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट ग्रामीण रुग्णालयात नेलं. बोट टोचून रक्त काचेवर घेईपर्यंत शेजारी उभे. वर्गात जायला बंदी. राऊत संध्याकाळी नागपूरला लग्नात जेवत होते. पुढे बोट टोचून घेऊन त्यांनी आणखी किती लग्नं साजरी केली, देव जाणे. मला म्हणायचे, "बोटाची चाळणी झाली मॅडम, पण असा साहेब मिळायला नशीब लागतं."

मला त्याचा राग यायचा. एकदा मी सरांना सांगूनच टाकलं की राऊत सर तुम्हाला बनवतात. सर फळा पुसत होते. न वळता म्हणाले, "मले ठाऊक हाय मॅडम. शंभरदा बनवू द्या न. एखाद वक्ती खरं असलं, त काय करता?"

 तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना चहाचं काही पडलेलं नाही. आमच्याकडे पावसाळा सरता सरता हिवताप पसरतो आणि ताप अंगात भरायच्या आधी तोंड कडू होतं, हे लहान पोरालाही माहीत. सर आमची जीभ तपासत होते. बाईमाणसाच्या कपाळाला हात कसा लावणार, म्हणून हा चहा. ऑक्टोबर लागला की ते पार बिथरून जात. दुपारीही चहा ठेवत, कोणी खोकललं तरी मान वर करत. काळजी मी पुष्कळांची पाहिली आहे. ही काळजी नव्हती, ही भीती होती, आणि ती कुठून आली ते कोणी सांगत नव्हतं.

एकदा नागपूरहून एम.फिल.चा एक विद्यार्थी आला. विभागप्रमुखांची नेतृत्वशैली आणि प्राध्यापकांचं नोकरीतलं समाधान असा त्याचा विषय. पोरगा हुशार होता, प्रत्येकाशी वेगळा बसून बोलत होता. राऊतांनी त्याला अर्धा तास समाधान ऐकवलं. सरांना त्यानं विचारलं, तुमची शैली हुकमाची, सल्ल्याची, की मोकळीक देण्याची? सर म्हणाले, "नेतृत्व म्हनजे पुढं नेनं न? मी कोनालेच कुठी नेत नाई. मी थांबवतो." पोरगा लिहायचा थांबला. त्याच्याजवळच्या तीन प्रकारांत हे कुठे बसत नव्हतं.

मग त्यानं मला विचारलं, तुम्ही समाधानी आहात का? मी म्हटलं, हो. तो गेला आणि माझा उरलेला दिवस चिडचिडीत गेला, कारण मी खोटं बोलले होते. एम.ए.ला मी हवामानशास्त्र घेतलं होतं. पाऊस, वारे, ढग हा माझा जीव की प्राण. आणि इथं मी वर्षानुवर्षं लोकसंख्येचा भूगोल शिकवत होते, कारण हवामानाचा तास सर कोणालाच देत नसत. माझ्या वाटचा दुसरा कोणताही तास ते हसत घेत. हा एक मात्र मी मागितला की "पाहू मॅडम" म्हणून उठून जात.

त्या तासाला पोरं "गेडाम सरांचा तास" म्हणायची. घंटा झाली की व्हरांड्यात ऐकू यायचं, "चाल बे, गेडाम सरांचा तास हाय," आणि वर्गात दोनाडकर सर शिरायचे. आमच्या विभागात गेडाम नावाचं कोणी नव्हतं. एका मुलीला मी विचारलं, तर ती म्हणाली, "मले नाई माहीत मॅडम. आमच्या आधीचे पोरं असंच म्हनत होते." म्हणजे गेडाम सरांना ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं ती पोरं पुढच्यांना हे नाव देऊन जात होती.

अखेर ग्रंथालयातल्या कुसुमबाईंना विचारलं. त्या कॉलेजातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी आधी दार ओढून घेतलं. "देवराव गेडाम. भल्ला गुनी पोरगा होता. त्याच्या गावातला पहिला शिकलेला. हवामान शिकवे. तापानं गेला, मेंदूत चढला ताप. तवापासून सर असे झाले. पयले त काय होते, तुमाले नाई माहीत. फाटक म्हनत त्यायले. दहा वाजले का फाटक पडलं, कोनाचा बाप जरी मेला तरी उघडे नाई." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकदा त्या तासाले दाराशी उभ्या राहून पाहा मॅडम. सर गेडामवानीच बोलतात. त्याचेच शब्द, त्याचंच थांबनं. डोये मिटले त वाटते, तोच हाय."

मी उभी राहिले. ढग कसा तयार होतो ते चाललं होतं. सरांचा नेहमीचा आवाज घाईचा, शब्द शब्दावर चढणारा. हा आवाज सावकाश होता. एकेका वाक्यानंतर थांबत होता, समोरच्याला कळलं की नाही याची वाट बघत होता. मधेच हलकं हसत होता. दोनाडकर सरांना मी असं हसताना कधी ऐकलं नव्हतं. मला भर दुपारी भीती वाटली आणि मी तिथून निघून आले.

त्याच सुमारास चंद्रपूरच्या एका कॉलेजात जागा निघाली. हवामान शिकवायला मिळणार होतं. मी सरांकडे गेले आणि बरेच दिवस साठलेलं सगळं बोलले. "सर, तुम्ही मागेन तेवढी रजा देता. मला रजा नको, काम पाहिजे. तुम्ही आम्हाला सांभाळता, पण शिकवू देत नाही. तो तास मला द्या, नाहीतर मी जाते."

सरांनी स्टोव्ह बंद केला. नकाशांच्या खोलीत एकच स्टूल होतं, त्यावर बसले. मग जे बोलले ते माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी विद्यापीठाची समिती येनार होती मॅडम. आपल्याले एम.ए.चे वर्ग मिळनार होते. पर्जन्यमापक, वातदर्शक, सारे यंत्रं गेडामनं मैदानात मांडले होते. दाखवनारा तोच. सकाळी चहा आला. गेडामनं घोट घेतला अन् म्हने, सर, चहा कडू लागून राह्यला. मी घड्याळाकडे पाह्यलं. समिती आरमोरीहून निघाली होती. मले समजलं होतं मॅडम. याच मुलखातला मानूस मी, मले समजनार नाई काय? मी साखरेचा डबा घेतला, त्याच्या कपात एक चमचा टाकली, ढवळली, अन् म्हनलं, घे, आता गोड लागन. समिती जाऊ दे, मंग झोप दिवसभर."

त्यांनी खिशातला खडू काढला आणि बोटांत फिरवू लागले.

"तो हासला. म्हने, गोड झाला सर. उन्हात उभा राहून त्यानं सारं दाखवलं. समिती खुश झाली. संध्याकाळी हुडहुडी भरली. गडचिरोलीले नेलं, तिथून चंद्रपूरले. त्याचा बाप होता जवळ. मी पोचलो तवा त्याले शुद्ध नव्हती."

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "एम.ए.चे वर्ग मिळाले का?"

"मिळाले न. वर्ग मिळाले म्हनून पद वाढलं. तुमी ज्या जागेवर हाय, ते जागा त्यातूनच निघाली."

 इतकी वर्षं ज्या नोकरीवर मी नाराज होते ती मला कशातून मिळाली होती ते मला तेव्हा कळलं.

सर उठले. म्हणाले, "हा तास माह्या मालकीचा नाई मॅडम. त्याच्या बापाले इचारा लागन. दर दिवाळीनंतर मी जातो त्यायच्या घरी. दरसाली ठरवतो, का हे साखरेचं सांगीन. जीभ मागं फिरते. या वक्ती सांगतो. तुमी चाला संगं. तुमी ऐकून घेतलं हाय, आता मले माघार घेता येनार नाई." चंद्रपूरचा निर्णय मी तिथून आल्यावर घ्यायचं ठरवलं.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. एसटीतून उतरल्यावर पुढे जंगलातून पायवाट. सर वाटभर ओठ हलवत होते. परीक्षेला निघालेलं पोर उत्तर घोकतं तसे. गावात धान कापून झालं होतं. देवरावचे वडील मंगरू गेडाम खळ्यावर धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं रचत होते. वयस्कर, काटक माणूस. सरांना पाहून त्यांनी हातातलं टाकलं, घरात नेऊन खाटेवर बसवलं. गूळ-पाणी दिलं. मुलगा गेल्यापासून सर दरवर्षी येतात याचं त्यांना केवढं अप्रूप होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

सरांनी आधी तासाचं काढलं. "मंगरूभाऊ, देवरावचा तास इतके दिवस मी घेत होतो. आता या मॅडमले द्या म्हनतो. तुमाले चालन काय?"

"कायचं शिकवे जी तो?"

"पावसाचं. वाऱ्याचं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "मंग द्या न. पाऊस का कोना एकट्याचा हाय?"

एक काम झालं. सरांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी न पिता खाली ठेवला. "भाऊ, अजून एक सांगाचं होतं. त्या दिवशीचं."

"त्या दिवशीचं मले बी तुमाले सांगाचं हाय जी," म्हातारा म्हणाला. "दरसाली म्हनतो सांगीन, अन् तुमी आले का बोलनंच सुचत नाई. दवाखान्यात तो शुद्धीवर होता न, तवा मले सांगे. बाबा, सरांनं आज सोताच्या हातानं माह्या चहात साखर टाकली. ढवळून देल्ली. एवढा कडक साहेब, सारे भेतात त्याले, अन् मले म्हने, घे, आता गोड लागन. भल्ला खुश होता सांगताना. दोनदा सांगतलं. मंग बोललाच नाई. तेच त्याचं शेवटचं बोलनं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "मी म्हनतो, जाऊ द्या, पोरगा गेला. पन त्याले कोनीतरी मानूस म्हनून वागवलं, हे घेऊन गेला. तुमचे उपकार हाय जी."

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी शब्दांत सांगू शकत नाही आणि विसरूही शकत नाही. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "हो जी. टाकली होती."

एवढंच. परतीच्या वाटेवर त्यांचे ओठ हलत नव्हते.  कॉलेजच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "उद्यापासून तास तुमचा." मी चंद्रपूरला गेले नाही.

तास मला मिळाला, पण पोरांच्या तोंडचं नाव बदललं नाही. मीही ते बदलायला गेले नाही. पहिले काही दिवस शिकवताना मला सारखं वाटायचं की दाराशी कोणी उभं आहे. सर आहेत की आणखी कोणी, हे बघायचं धाडस मी केलं नाही. सरांचा चहा निवृत्तीच्या दिवसापर्यंत चालू राहिला. पुढे मी विभागप्रमुख झाले तेव्हा मला त्यांच्या एका वाक्याचा अर्थ लागला. सुरुवातीच्या वर्षांत एकदा मी म्हटलं होतं, सर, तुमच्यासारखा प्रमुख सगळ्यांना मिळो. ते म्हणाले होते, "नको मॅडम. माह्यासारखा बनाले एक मानूस जावा लागते." तेव्हा मला ते नुसतं विनयाचं वाटलं होतं.

निवृत्तीनंतर सर आरमोरीजवळ आपल्या गावी राहायला गेले. दोन-तीन वर्षं गेली असतील, एका सकाळी आंघोळ करताना छातीत कळ आली आणि गेले. तेरवीला आम्ही सगळे गेलो. राऊत हमसून हमसून रडले. पंगत उठल्यावर मी निघत होते, तेवढ्यात मंगरू गेडाम समोर आले. खूप थकले होते. एवढ्या लांबून दोन बस बदलून आले होते. मला ओळखलं त्यांनी.

म्हणाले, "बाई, एक इचारू काय? सर दरसाली येत माह्या घरी. रिटायर झाल्यावर बी आले. पानी पेत, बसत, अन् जाताना दाराशी उभे राहत. असं वाटे, का काही सांगाचं हाय. मी वाट पाहो. मंग तसेच जात. तुमी एकदा संगं होत्या. तुमाले माहीत हाय काय, काय सांगाचं होतं त्यायले?"

मला माहीत होतं. मला सोबत नेलं होतं ते त्यासाठीच. बोलले असते तर इतक्या वर्षांचं सरांचं ओझं निदान त्यांच्या तेरवीला तरी उतरलं असतं. पण या म्हाताऱ्याजवळ आपल्या पोराचं शेवटचं म्हणून तेवढंच होतं, एक चमचा साखर, आणि खरं सांगून मी ती त्याच्या हातून काढून घेतली असती.

मी म्हटलं, "नाही बाबा, मला माहीत नाही."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग "असन काही," म्हणाले, आणि बसची वेळ झाली म्हणून काठी टेकत निघाले.

त्या दिवशी मी म्हाताऱ्याची बाजू घेतली आणि सरांना सोडवलं नाही. सर अजून तसेच त्या दाराशी उभे आहेत असं मला वाटतं, आणि आता त्यांच्याबरोबर मीही.